घुमटाचा कमरपट्टा



आज आधी एका फुटलेल्या घुमटाची गोष्ट सांगते. घाबरू नका, कुणाला लागलं-बिगलं नाही. घुमट मातीचा होता आणि तो फुटला आमच्या शाळेच्या व्हरांड्यात!

त्याचं असं झालं. शाळेत प्रदर्शन होतं. चौथीच्या मुलांना विषय दिला होता, 'जगातल्या प्रसिद्ध इमारती'. कुणी आइस्क्रीमच्या काड्यांचा आयफेल टॉवर केला, कुणी पुठ्ठ्याचा पिरॅमिड केला. एका मुलीनं घुमट करायचं ठरवलं. (तिचं नाव मी सांगणार नाही. तशी तिनं मला अटच घातली आहे.) तिनं बांबूची टोपली पालथी घातली, तिच्यावर ओलं वर्तमानपत्र पसरलं आणि वर ओढ्याकाठची चिकणमाती बोटभर जाड थापली. चार दिवस सावलीत वाळवली. मग अलगद टोपली काढून घेतली. काय सुरेख घुमट झाला होता! प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिनं तो चार विटांवर ठेवला आणि शेवटी कळस म्हणून लिंबाएवढा मातीचा गोळा वर दाबून बसवला.

कर्र्र! घुमटाच्या खालच्या कडेला एक भेग पडली. मग दुसरी, मग तिसरी. भेगा खालून वर चढत गेल्या, आणि बघता बघता घुमटाच्या फोडी झाल्या.

ती रडली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मी वरून दाबलं. मग तो वर फुटायला पाहिजे होता. खाली कडेला का फुटला?"

मी घाईत होते. पाहुणे यायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "अगं, माती कच्ची राहिली असेल. जा, दुसऱ्या कुणाला मदत कर." आणि मी पुढं गेले.

पुढचे दोन दिवस वर्गात तिचा हात वर झाला नाही. एरवी तिचा हात खाली कधी दिसत नाही! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं फार चांगला प्रश्न विचारला होता, आणि मी मात्र तोंडाला येईल ते उत्तर दिलं होतं. माती कच्ची नव्हती. ती चांगली खडखडीत वाळली होती. मग घुमट का फुटला? खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून मी शोधायला लागले. त्या शोधात जे सापडलं, ते तुम्हाला सांगते.

आधी दोन प्रयोग करू. पहिल्याला खर्च काहीच नाही. तुमच्याएवढ्याच मित्राला समोर उभं करा. दोघांनी एकमेकांचे तळहात टेकवा आणि हळूहळू पाय मागं सरकवत पुढं झुका. झाली कमान! आता गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हेच करून बघा. (मोठं माणूस जवळ असू द्या.) काय होतं? हात सुटत नाहीत, पण पाय मागं सटकतात. कमान पडते ती पाय बाहेर सरकल्यामुळं. तुमच्या टाचांमागं कुणी पाय रोवून उभं राहिलं, की कमान टिकते.

घुमट म्हणजे तरी काय? अशीच कमान गोल फिरवायची, की घुमट झाला. त्यामुळं घुमटाचं वजन नुसतं खाली जात नाही. ते खालच्या कडेला बाहेरही ढकलतं. या ढकलण्याला म्हणतात रेटा.

दुसऱ्या प्रयोगाला लागेल मोसंबं. मोसंबं अर्धं कापा, गर खाऊन टाका (हा प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा भाग!), आणि सालीची वाटी पाटावर पालथी घाला. कडेला चार-पाच ठिकाणी बोटाच्या पेराएवढे उभे छेद द्या. आता वरून तळहातानं दाबा. छेद फाकतात ना? आता कडेभोवती एक रबर बँड लावा आणि पुन्हा दाबा. छेद आता फाकायला तयारच होत नाहीत.

कळलं? आमच्या मुलीनं दाबलं वरून, पण फाकली ती कड. तिचा घुमट कच्चा नव्हता. त्याला कडेला धरून ठेवणारं काही नव्हतं!

आता गंमत बघा. हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या बांधकाम करणाऱ्यांपुढं उभा राहिला होता. घुमट बाहेर फाकू नये म्हणून काय करायचं? प्रत्येकानं आपापलं उत्तर शोधलं. चला, चार घुमट पाहून येऊ.

पहिला मुक्काम रोम. इटलीच्या या राजधानीत पँथिऑन नावाचं देऊळ आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६ च्या सुमारास ते पुरं झालं. म्हणजे जवळजवळ १९०० वर्षं झाली! त्याचा घुमट आतून ४३.३ मीटर रुंद आहे, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे एक अवाढव्य चेंडू त्यात बरोब्बर मावेल.

हा घुमट काँक्रीटचा आहे. पण आपल्या इमारतींत घालतात तशी एकही लोखंडी सळई त्यात नाही. सळई नसलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात दुसरा नाही. मग तो फाकत कसा नाही? रोमन लोकांनी दोन युक्त्या केल्या. खालची भिंत केली सुमारे सहा मीटर जाड. सहा मीटर म्हणजे तुमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, नुसती भिंतच! आणि घुमट वर जाताना हलका हलका करत नेला. खालच्या काँक्रीटमध्ये जड दगडांचे तुकडे घातले, तर वरच्या काँक्रीटमध्ये ज्वालामुखीचा हलका दगड. पाय घासायच्या वजरीसारखा, छिद्राछिद्रांचा. आतून चौकोनी खोबण्या ठेवून आणखी वजन वाचवलं. आणि अगदी माथ्यावर? तिथं काहीच नाही! आठ-नऊ मीटर रुंदीचं मोकळं गोल भोक आहे. त्यातून ऊन आत येतं, पाऊसही आत येतो. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला छोटी छोटी भोकं ठेवली आहेत.

एवढं करूनही या घुमटाला खालच्या भागात उभ्या भेगा आहेत. अगदी आमच्या मुलीच्या घुमटासारख्या, खालून वर गेलेल्या! पण ती जाडजूड भिंत म्हणजे टाचांमागं रोवलेला पाय. ती हलत नाही, म्हणून घुमट उभा आहे. सन ६०९ मध्ये या देवळाचं चर्च झालं. लोकांची वहिवाट राहिली, म्हणून देखभालही होत राहिली.

दुसरा मुक्काम इस्तंबूल. तुर्कस्तानातल्या या शहराचं जुनं नाव कॉन्स्टँटिनोपल. सन ५३२ मध्ये इथं मोठी दंगल झाली आणि शहरातलं मुख्य चर्च जळून गेलं. सम्राट जस्टिनियननं ठरवलं, आता असं चर्च बांधायचं की जगानं पाहत राहावं. काम सोपवलं अँथेमियस आणि इसिडोर या दोघांवर. दोघंही गणितात पक्के. सहा वर्षांच्या आत, ५३७ च्या डिसेंबरात, हाया सोफिया उभी राहिली.

यांची युक्ती आणखी धाडसी. पँथिऑनचा घुमट गोल भिंतीवर बसला आहे. इथं मात्र तीस मीटरहून रुंद घुमट चार खांबांवरच्या चार कमानींवर बसवला. चौकोनावर गोल कसा बसवायचा? तर चार कोपऱ्यांत कमानींच्या मधे आत झुकलेले तिकोनी भाग बांधून. घुमटाच्या तळाशी ४० खिडक्या आहेत. त्यांतून उजेड आला, की घुमट जणू हवेत तरंगतोय असं वाटतं.

पण दोस्तांनो, पहिला घुमट जरा पसरट बांधला होता. तुमच्या त्या कमानीच्या खेळात पाय जितके लांब सरकवाल तितके ते जास्त सटकतात ना? तसंच घुमटाचंही. जितका पसरट, तितका रेटा जास्त. ५५७ मध्ये भूकंप झाला. घुमटाला धक्के बसले. आणि ५५८ च्या मे महिन्यात तो कोसळला! बांधून पुरी एकवीस वर्षंही झाली नव्हती.

विचार करा, काय वाटलं असेल त्या शहराला? "आपल्याला जमत नाही, छप्पर सपाट करून टाका," असं म्हणता आलं असतं. पण तसं झालं नाही. पहिल्या इसिडोरचा पुतण्या पुढं आला. त्याचंही नाव इसिडोरच. त्यानं चुकीतून नेमका धडा घेतला. नवा घुमट त्यानं सुमारे सहा मीटर जास्त उंच केला, म्हणजे रेटा कमी झाला. ५६२ मध्ये इमारत पुन्हा सजली.

तिचं दुखणं तिथंच संपलं नाही बरं का! ९८९ च्या भूकंपात घुमटाचा एक भाग पडला. तो दुरुस्त केला आर्मेनियाच्या त्रदात नावाच्या स्थपतीनं. १३४६ मध्ये दुसरा भाग पडला. तोही बांधला गेला. १४५३ मध्ये शहर तुर्कांच्या हाती आलं आणि चर्चची मशीद झाली. सोळाव्या शतकात सिनान या थोर तुर्की स्थपतीनं बाहेरून भक्कम आधार बांधले. १८४७ ते १८४९ या काळात फोसाती या दोघा भावांनी मोठी दुरुस्ती केली, तेव्हा घुमटाभोवती लोखंड आवळलं. पुढं १९३५ मध्ये तिथं संग्रहालय झालं आणि २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे.

राजे बदलले, धर्म बदलला, भाषा बदलली. पण घुमटाला भेग पडली, की कुणी ना कुणी शिडी लावून वर चढलंच!

आता तिसरा मुक्काम आपल्या शेजारी. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर कर्नाटकात विजयपूर आहे. आपण विजापूर म्हणतो तेच. तिथला गोलघुमट तुमच्यापैकी कितीतरी जणांनी सहलीत पाहिला असेल. मोहम्मद आदिलशहाची ही कबर. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते, तोच हा आदिलशहा. १६५६ मध्ये तो वारला. घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर रुंद आहे. तो बांधणारा म्हणून याकूत दाबुली याचं नाव घेतलं जातं. दाबुली म्हणजे दाभोळचा. आपल्या कोकणातलं दाभोळ!

गोलघुमटात गेल्यावर आपण काय करतो? सात मजले धापा टाकत चढतो आणि वर जाऊन "ओऽऽ" करून ओरडतो. आवाज परत परत येतो, आपण खूश! पुढच्या वेळी गेलात तर ओरडण्याआधी एकदा मान वर करून कोपऱ्यांकडे पाहा. आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत जातात आणि त्यांतून आठ टोकांची चांदणी तयार होते. चौकोनी दालन त्या चांदणीतून गोल होत जातं आणि घुमट त्यावर बसतो. कमानींमधला हा दगडविटांचा जड भाग आतल्या बाजूला झुकलेला आहे. घुमटाचा रेटा बाहेर, आणि या भागाच्या वजनाचा झोक आत. दोघं एकमेकांना अडवतात. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या असल्या, की दोरी जागची हलत नाही ना? तसंच!

रोमनांनी जाड भिंत घातली. विजापूरकरांनी वजनाला वजनानं उत्तर दिलं. आता शेवटचा मुक्काम. त्यासाठी पुन्हा रोमला जाऊ, व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चला. याचा घुमट आखला प्रसिद्ध शिल्पकार मायकेलएंजेलोनं. तो १५६४ मध्ये वारला. घुमट पुरा झाला १५९० मध्ये, जाकोमो देल्ला पोर्ताच्या हातून. बांधतानाच आत लोखंडी कडी घातली होती. तरी शे-दीडशे वर्षांत भेगा दिसायला लागल्या. कुठं? बरोबर! खालून वर जाणाऱ्या, उभ्या.

लोक घाबरले. घुमट पडणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हाचे पोप होते चौदावे बेनेडिक्ट. त्यांनी १७४२ मध्ये तीन गणितज्ञांना बोलावून तपासणी करवली. घुमटाला बरं नाही म्हणून गणितवाल्या डॉक्टरांना बोलावलं म्हणा ना! पुढं पाडुआहून जोव्हानी पोलेनी आला. त्यानं काय केलं? एक साखळी घेतली, घुमटाच्या भागांचं जसं वजन तशी छोटी छोटी वजनं तिला अडकवली आणि ती दोन टोकांना धरून लोंबकळत सोडली. साखळीचा जो झोळ पडला, तो उलटा करून घुमटाच्या चित्रावर ठेवला. लोंबणारी साखळी उलटी केली, की उत्तम कमानीचा आकार मिळतो! तो आकार घुमटाच्या जाडीच्या आत बसला. म्हणजे घुमट लगेच पडणार नव्हता. पण भेगा वाढू नयेत म्हणून त्याला लोखंडी कडी घालावीत, असं पोलेनीनं सांगितलं. १७४३ ते १७४८ या वर्षांत ती कडी घातली. काम करताना जुनं एक कडं तुटलेलं सापडलं. वेळेवर पाहिलं म्हणून बरं! तो कमरपट्टा घालून घुमट आजही उभा आहे.

हे सगळं समजल्यावर मी वर्गात गेले. मुलांना मोसंब्याचा प्रयोग दाखवला. आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला चुकीचं उत्तर दिलं. तुझी माती कच्ची नव्हती. तुझा प्रश्न पक्का होता."

तर ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "बाई, मला माहितीये! आजोबांनी सांगितलं."

तिचे आजोबा सुतार. आयुष्यभर त्यांनी बैलगाडीची चाकं केली. नातीचा फुटलेला घुमट त्यांनी हातात घेतला, भेगा पाहिल्या आणि म्हणाले, "याला धाव कुठाय?" धाव म्हणजे लाकडी चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टी. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद तापवतात, तापून ती थोडी मोठी झाली की चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. गार होताना ती आवळते आणि चाकाचे सगळे तुकडे घट्ट धरून ठेवते. मी आठवडाभर पुस्तकं धुंडाळली, आणि तेच उत्तर आजोबांनी ओसरीवर बसून एका वाक्यात दिलं होतं!

मग तिनं काय केलं? फुटलेली माती पुन्हा भिजवली, मळली, टोपलीवर थापली. वाळल्यावर कडेला सुतळीचे सात वेढे आवळून खळीनं चिकटवले. यावेळी कळस दाबताना सगळा वर्ग श्वास रोखून उभा होता. एक बारीकशी भेग पडली. पण ती सुतळीपाशी येऊन थांबली.

प्रदर्शन केव्हाच संपलं होतं. पाहुणे येऊन गेले होते, बक्षिसं वाटून झाली होती. हा घुमट पाहायला कुणी येणार नव्हतं. तरी तो आमच्या वर्गाच्या खिडकीत दिमाखात बसला आहे. पुढं तिनं पुठ्ठ्याची पाटी लावली आहे: 'घुमट (दुसरा)'. हाया सोफियाचाही आज उभा आहे तो पहिला नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक आहे!

तिचा हात आता पुन्हा वर असतो. परवाच तिनं विचारलं, "बाई, अंड्याला तर धाव नसते. मग ते मुठीत सगळीकडून दाबलं तरी लवकर का फुटत नाही?"

यावेळी मी घाई केली नाही. म्हटलं, "थांब, मलाही शोधावं लागेल." तुम्हीही शोधा. आई ओरडणार नाही अशा बेतानं, खाली ताट ठेवून प्रयोग करा (आणि हातातली अंगठी आधी काढा, बरं का!). काय सापडलं ते मला पत्रानं कळवा. आणि आईबाबांना माझा एक निरोप सांगा: घरात असा एखादा प्रश्न आला, तर माझ्यासारखं "माती कच्ची असेल" म्हणून पुढं जाऊ नका. आधी आजोबांना विचारा!

तुमची,
बाई